यंत्राचें शून्य



सीताबर्डीनजीकचा झिरो माइलचा दगडी स्तंभ व त्याच्याजवळचे चार घोडे आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेले असतील. तेथें निरनिराळ्या गांवांचीं अंतरें कोरलेलीं आहेत. त्या आंकड्यांना अर्थ आहे तो एवढ्याचसाठीं कीं, स्तंभ आपली जागा सोडीत नाहीं. उद्यां कोणी तो शंभर पावलें सरकविला, तर आंकडे दिसतील तसेच, पण एकूण एक खोटे ठरतील. आज ज्या लहानशा यंत्राविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यालाहि असाच एक न हलणारा शून्याचा दगड लागतो.

हें यंत्र म्हणजे घरगुती सी. एन. सी. संगणकाच्या आज्ञेप्रमाणें त्याचा कटर डावीकडे-उजवीकडे, पुढें-मागें व वर-खालीं फिरतो आणि लांकडावर अक्षरें किंवा नक्षी कोरतो. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत, २००२ सालीं फॅब लॅब निघाली, आणि संगणकावर आंखलेली वस्तु यंत्राकडून घडवून घेण्याची विद्या खेड्यांतील मुलांपर्यंत पोंचली. पुढें २००९ सालीं निघालेली जी. आर. बी. एल. ही विनामूल्य आज्ञावली आर्डुइनोच्या स्वस्त बोर्डावर चालूं लागली, आणि हें यंत्र हौशी तरुणांच्या घरांत आलें.

परंतु या यंत्राला डोळे नाहींत. त्याची स्टेपर मोटर केवळ पावलें मोजते. सामान्य मोटर एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. प्रत्येक पावलाचे १६ भाग केले तर ३,२०० होतात. आणि स्क्रू एका फेऱ्याला ८ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका मिलिमीटरला ४०० भाग पडतात. हिशेब इतका सूक्ष्म. पण वीज गेली कीं तो सारा पुसला जातो. सागाच्या पाटीवर घराण्याचें नांव अर्धें कोरून झालें असतां वीज गेली, तर पुढचीं अक्षरें कोठून सुरू करावयाचीं हें यंत्राला ठाऊक नसतें. नजरेनें अदमास करून तें पुन्हां चालविलें, तर उरलेलीं अक्षरें खालीं-वर होतात आणि पाटी जळणाच्या मोलाची होते. याहून वाईट म्हणजे, भलत्या जागीं उतरलेला कटर लोखंडी क्लॅम्पवर आदळून फुटतो, आणि त्याचा तुकडा जवळ उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्याकडे उडूं शकतो.

यासाठीं प्रत्येक दिशेच्या एका टोकाला एक संवेदक बसवितात. यंत्र सुरू केल्यावर कटर प्रथम वर उचलला जातो, मग आडव्या दोन्ही दिशांच्या टोकांकडे जातो. संवेदकाची खूण मिळतांच थांबतो, किंचित् मागें येतो, आणि सावकाश जाऊन तीच खूण पुन्हां घेतो. हें त्याचें मूलस्थान, म्हणजे ‘होम’. पाटीचा आरंभबिंदु येथून किती अंतरावर आहे, तें नियंत्रकाच्या स्मरणांत राहतें. म्हणून मूलस्थान तेंच मिळालें व पाटी हललेली नसली, तर अर्धवट नांवहि पुरें करतां येतें.

संवेदक मुख्यतः तीन प्रकारचे वापरांत आहेत. पहिला मायक्रोस्विच. हा स्वस्त व समजण्यास सोपा. मात्र त्याची पातळ पत्र्याची दांडी वाकली कीं शून्यहि सरकतें. दुसरा प्रकाशाचा. त्याच्या खाचेंतून किरण जातो व पाती आड आली कीं तो तुटतो. हा अचूक खरा, पण खाचेंत भुसा साचला कीं फसतो. तिसरा प्रॉक्सिमिटी. तो धातु जवळ आल्याचें स्पर्शावांचून ओळखतो आणि भुशाला जुमानीत नाहीं. १२ मिलिमीटर व्यासाचा सामान्य नमुना लोखंड सुमारें ४ मिलिमीटरांवरून ओळखतो, ॲल्युमिनियम मात्र त्याच्या निम्म्याहूनहि कमी अंतरावरून. म्हणून त्याच्यासमोर लोखंडाचाच तुकडा बसवावा. तो बहुधा १२ किंवा २४ व्होल्टांवर चालवितात, आणि आर्डुइनो ५ व्होल्टांवर चालतो; मध्यें ऑप्टोकपलर घातल्यावांचून तार सरळ जोडूं नये. लांकूडकामासाठीं मी हाच सुचवीन.

परंतु निवडीहून बसविण्याचें महत्त्व अधिक. खुणेचा तुकडा संवेदकावर समोरून धडकेल असा ठेवूं नये. तो त्याच्या तोंडावरून आडवा सरकून जावा, म्हणजे यंत्र थोडें पुढें गेलें तरी कांहीं फुटत नाहीं. धरणारी पट्टी आंखूड व जाड असावी आणि दोन बोल्टांनीं आंवळावी. एकाच बोल्टावर ती हळूहळू फिरते. शिवाय आपल्या नागपूरचें ऊन ध्यानांत घ्यावें. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबीची पट्टी दर अंश सेल्सिअसला सुमारें ०.०२३ मिलिमीटर वाढते. पौषांतल्या पहाटेचे १२ अंश आणि वैशाखांतल्या दुपारचे ४५ अंश यांत ३३ अंशांचें अंतर पडतें. म्हणजे पट्टी पाऊण मिलिमीटर वाढली! म्हणून संवेदक लांब पट्टीच्या टोकाला न लटकवितां, स्क्रूचें पक्कें बेअरिंग ज्या बाजूला असेल तेथेंच चौकटीला भिडवून बसवावा.

संवेदक विकत घेतांना ‘एन. सी.’ प्रकारचा मागावा. त्यांत मंडल एरव्हीं जुळलेलें असतें व खूण मिळतांच तुटतें. मग उंदरानें तार कुरतडली, तरी बिघाड तत्काळ कळतो व यंत्र थांबतें. उलट प्रकारांत तुटलेली तार मुकी राहते आणि यंत्र टोकावर आदळेपर्यंत जातें. तार जाळीच्या आवरणाची घ्यावी, आवरणाला एकाच टोकाला अर्थिंग द्यावें, व ती स्पिंडलच्या तारेपासून दूर न्यावी.

शेवटीं परीक्षा. डायल गेज लावून मूलस्थान दहा वेळां घ्यावें. पांच वेळां यंत्र थंड असतांना, पांच वेळां तासभर काम झाल्यावर. लांकडाच्या कामांत फरक ०.१ मिलिमीटरच्या आंत राहिला तर पुरे. अधिक आढळला, तर महाग संवेदक आणावयास धांवण्यापूर्वीं पट्टीचे बोल्ट आंवळून पाहावे.

हा संवेदक म्हणजे संकटांतला रक्षक मात्र नव्हे. हाताशीं लाल बटण आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. घरांतील मुलानें असें यंत्र जुळविलें, तर पहिल्या दिवशीं त्याला नक्षी काढूं देऊं नका. दहा वेळां शून्य घ्यावयास लावा. दहाहि वेळां तें एकाच जागीं आलें, म्हणजे मग त्यानें खुशाल सागाची पाटी यंत्रावर चढवावी.