आधी नाक

पहाटे 5.30. जव्हारजवळच्या एका पाड्यावर कांडण चाललंय. उखळात धान्य नाही, चार दिवस भिजलेली रद्दी आहे. मुखवटे घडवणारे दादा ती पिळून टाकतात, वहिनी मुसळ चालवतात. छापील अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

7.00. लगद्यात डिंकाचं पाणी नि मेथीचं पीठ. मेथीनं चिकटपणा येतो, कीड दूर राहते. रद्दी स्वस्त, मेथी महाग. तरी तिथे हात आखडत नाहीत. आखडला तर मुखवटा पोखरतो.

8.30. मातीच्या उंचवट्यावर लगदा चढतो. उन्हाळ्यात बोहाडा, म्हणजे मुखवटे बांधून नाचायचा उत्सव असतो, त्यातली सोंगं इथे घडतात: गणपती, नरसिंह, रावण, वेताळ. आज त्राटिका. समोर चित्र नाही, माप नाही. आधी नाक. "नाक बसलं की बाकीचं तोंड तेच मागून घेतं," दादा म्हणतात. अंगठा दाबला, भुवई उठली. ओठ खाली ओढला. मग बराच वेळ नुसतं बघणं. अचानक अख्खा डावा गाल उपसून काढला. "रडकी झाली ही. त्राटिका रडत नाही." मला काहीच खटकलं नव्हतं. गाल पुन्हा भरला, तेव्हा फरक कळला. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. वडिलांच्या शेजारी बसून बोटांत उतरलंय.

11.30. मुखवटा उन्हात. भाकरी, सुकट, थोडं पडणं.

1.30. आधी केलेला वेताळ सुकताना आकसलाय, कपाळाला भेग. भेगेत लगदा, वरून जुन्या लुगड्याची चिंधी खळीनं चिकटवली. मग पॉलिश पेपर. खांदा भरून येतो, बाजू बदलतात.

4.00. रंग. डोळे सगळ्यात शेवटी, एका दमात. तेवढा वेळ घरात कुणी बोलत नाही.

5.30. आतून बांबूच्या कामट्या, कापडाची गादी. मुलगा वेताळ डोक्याला बांधून अंगणात नाचतो. सरकतो का? श्वास घेता येतो का? संबळाच्या तालावर नाचायचं असतं. एक कामटी टोचते. ती काढून, तासून पुन्हा बसवली.

6.45. गिऱ्हाईक येतं. वेताळाचे 2500 ठरले होते, 2000 हातात येतात, बाकीचे बोहाड्यानंतर. हातात आलेल्यातले 300 रंगाच्या दुकानाची उधारी.

होळीनंतर जव्हार-मोखाड्याकडे गेलात, तर बोहाड्याची तारीख विचारून रात्री थांबा. सोंगं जवळून बघा. आणि मुखवटा विकत घ्यायचा झाला, तर घासाघीस करू नका.