कार्ड फॉरमॅट करण्याआधी
(डिजिटल डार्करूम : लेखांक 6)

फोटो काढून झाले, आता ते कार्डातून संगणकावर घ्यायचे. या कामाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. कार्ड लावलं, फोल्डर ओढून डेस्कटॉपवर टाकलं, झालं. पुढे फोटो सापडत नाहीत किंवा एकावर एक चढून नाहीसे होतात, त्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच झालेली असते.

कार्ड रीडरमध्ये घातलं की आत ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर दिसतं. कॅमेरा कॅननचा असो, निकॉनचा असो की सोनीचा, नाव तेच. फोल्डरं कशी असावीत आणि फाइलींना नावं कशी द्यावीत, याचा एक सामाईक नियम 1990च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ठरला आणि सगळ्या कंपन्या तो पाळतात. त्या नियमाप्रमाणे फाइलीच्या क्रमांकाला चारच आकडे मिळतात, 0001 ते 9999. पुढे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वारीत किंवा लग्नात दणादण फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा हा फेरा लवकरच पूर्ण करतो, आणि मग आषाढातल्या रिंगणाचा फोटो आणि मार्गशीर्षातल्या लग्नाचा फोटो एकाच नावाचे निघतात. हाताने कॉपी करताना संगणक विचारतो, ‘जुनी फाइल बदलायची का?’ घाईत ‘हो’ दाबलं की रिंगण गेलं.

म्हणून फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधूनच आयात करावेत. उदाहरणादाखल लाइटरूम क्लासिक घेऊ. इम्पोर्टची खिडकी उघडली की डावीकडे कार्ड, मधे फोटोंच्या छोट्या प्रती आणि उजवीकडे पर्याय दिसतात. वरच्या बाजूला चार शब्द असतात : कॉपी अॅज डीएनजी, कॉपी, मूव्ह, अॅड. कार्ड लावलेलं असताना यातले शेवटचे दोन फिके पडतात, आणि ते योग्यच आहे. कारण लाइटरूम फोटो स्वतःच्या पोटात ठेवत नाही. फोटो डिस्कवरच्या फोल्डरमध्ये राहतो. कॅटलॉगमध्ये त्याचा पत्ता आणि तुम्ही केलेले बदल नोंदले जातात. पत्ता कार्डाचा असता, तर कार्ड काढताच मूळ फोटो बेपत्ता झाला असता. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. तिथे ‘लायब्ररीत जोडा’ आणि ‘कॉपी करून आयात करा’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. कार्डावरून घेताना दुसराच निवडायचा.

उजवीकडच्या पर्यायांत माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे दुसऱ्या प्रतीचा. तिथे बाहेरच्या हार्ड डिस्कचं फोल्डर दिलं की त्याच वेळी तिकडेही प्रत उतरते. ती मूळ फोटोंची असते, पुढचं एडिटिंग तिच्यात येत नाही. तरी मूळ रॉ फाइल शाबूत असली की एडिटिंग पुन्हा करता येतं. ‘संशयित डुप्लिकेट आयात करू नका’ ही खूणही चालू ठेवावी. मूळ नाव, फोटो काढल्याची वेळ आणि फाइलीचा आकार ताडून पाहून सॉफ्टवेअर आधी घेतलेले फोटो वगळतं. अर्धं कार्ड आधीच उतरवलेलं असेल, तर याचा मोठा आधार होतो. नाव बदलतानाही तारीख आधी आणि विषय नंतर ठेवलात, तर फोल्डर आपोआप दिवसांच्या क्रमाने लागतं. दोन कॅमेरे वापरत असाल तर त्यांची घड्याळं शूटआधीच जुळवून घ्या, नाहीतर अक्षता पडल्यानंतर अंतरपाट धरलेला दिसेल.

प्रीव्ह्यूच्या प्रकारांत फार अडकू नका. कॅमेऱ्याने फाइलीत आधीच भरलेला प्रीव्ह्यू वापरण्याचा पर्याय निवडलात, तर निवडीला लगेच बसता येतं.

आयात संपल्याचा संदेश आला तरी कार्ड लगेच फॉरमॅट करायचं नाही. पाच-दहा फोटो पूर्ण आकारात उघडून पाहा, दुसऱ्या डिस्कवरच्या फाइली मोजून कार्डाशी ताडून घ्या. मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्याच मेन्यूतून फॉरमॅट करा. चुकून आधी झालंच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फाइलींची यादीच पुसली जाते. वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरने बरेच फोटो परत मिळू शकतात.

पुढच्या आठवड्यात : निवड, तारे आणि कीवर्ड.