चवीची वाट कानातून

जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागातली चव मेंदूकडे जाते ती कानातून. कॉर्डा टिम्पनी नावाची सुतासारखी बारीक नस जिभेकडून वर चढते, मध्यकर्णात शिरते, पडद्यामागे हातोडी आणि ऐरण या हाडांच्या मधून पलीकडे निघते आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूला मिळते. या आडवाटेवरून नेमकं काय जातं, हे उलगडायला शतकाहून जास्त काळ गेला.

1843 साली पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी आपला पहिलाच शोधनिबंध लिहिला, तो याच नसेवर. त्यांचे गुरू माजांदी चवीचं श्रेय मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूला देत. घोटाळा होणं साहजिकच होतं. जिभेत शिरताना ही नस पाचव्याच्या फांदीत मिसळून जाते, तिथे छेद दिला की चव आणि स्पर्श दोन्ही एकदम जातात. चेहरा लुळा पडलेल्या रुग्णांची चवही बिघडते, याकडे बर्नार यांनी 1844 मध्ये लक्ष वेधलं. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. रुग्णाची तक्रार त्यांनी पुरावा म्हणून ऐकली.

1867 मध्ये लोवेन आणि श्वाल्बे यांना सस्तन प्राण्यांच्या जिभेवर रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके, दिसल्या. दहा वर्षांनी फिंटश्गाऊ आणि ह्योनिगश्मीड यांनी सशाच्या जिभेमागचा नववा मज्जातंतू कापला, तर तिथल्या रुचिकलिकाच नाहीशा झाल्या. म्हणजे नस नुसता निरोप नेत नाही, ती चवीच्या पेशी जगवतेही. उंदरांमध्ये या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात, हे 1965 मध्ये बाइडलर आणि स्मॉलमन यांनी दाखवलं. पेशी इतक्या भराभर बदलूनही साखर गोडच लागते, याचं नवल मला अजून वाटतं.

दरम्यान विजेचे संकेत टिपणारी यंत्रं आली होती. फाफमन यांनी 1941 मध्ये मांजरीच्या नसेतला एकेक तंतू तपासला. काही तंतू आंबट आणि खारट दोन्हींना उत्तर देत होते. ‘एक चव, एक तंतू’ हा सरळ हिशेब तिथेच कोलमडला.

या साऱ्या प्रवासातला सर्वात धाडसी टप्पा मात्र स्टॉकहोमचा. कानाच्या शस्त्रक्रियेत ही नस उघडी पडते, हे हेरून डायमंट, झोटरमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या जिभेवर द्रावणं सोडली आणि नसेतले संकेत नोंदवले. त्याच रुग्णांनी आधी चाखून सांगितलेली चवीची तीव्रता आणि नसेचं उत्तर, दोन्ही छान जुळली. तो निबंध 1967 चा.

मिरचीचा मार्ग वेगळाच. तिचा जाळ पाचव्या मज्जातंतूवरून, वेदनेच्या वाटेने जातो. तो ओळखणारा रेणू 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला, 2021 मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले. मेंदूतही वाटा फुटतात: उंदराच्या चवीचा निरोप थॅलॅमस या मेंदूतल्या केंद्राआधी एक जादा थांबा घेतो, माकडाचा घेत नाही. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावू नये.

तुमच्या घरी कुणाच्या मध्यकर्णाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या नसेबद्दल सर्जनना आधीच विचारा. नंतर तोंडाला धातूसारखी चव आली तर घाबरू नका, पण अंगावरही काढू नका. बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो. तरी ती तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालाच.