दोनशे अठ्ठेचाळीस किलो

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. आपल्याकडे ताकद म्हटली की कुस्ती. कोणता डाव कुठे फसला हे पारावरचा म्हातारासुद्धा सांगतो. वेटलिफ्टिंग मात्र आपण निकालापुरतं वाचतो. सांगलीच्या संकेत सरगरने ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचं पहिलं पदक मिळवलं, तेव्हाही 'एका किलोने सुवर्ण हुकलं' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्या पोरावर हा अन्याय आहे.

त्या दिवशी काय घडलं ते कळायला खेळाचा हिशेब माहीत हवा. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचा, मग वर. दोन्हींत तीन-तीन संधी आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. बारवरचं वजन चढतंच जातं, उतरत नाही. कमी वजन मागणाऱ्याला आधी यावं लागतं. त्यामुळे आत सरावाच्या जागेत प्रशिक्षकांची आकडेमोडही तितक्याच ईर्ष्येने चाललेली असते.

संकेतचं स्वतःचं वजन ५५ किलोच्या गटातलं. स्नॅचमध्ये त्याने १०७, १११ आणि ११३ असे तिन्ही प्रयत्न साधले. मलेशियाचा अनिक कासदान १०७ वर राहिला, म्हणजे सहा किलोंची आघाडी. क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्याच प्रयत्नात १३५. बेरीज २४८. मग त्याने १३९ मागितले आणि उजवं कोपर दुखावलं. आकडा अवाजवी नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूरला त्याने १४३ उचलून एकूण २५६ किलोंवर सुवर्ण जिंकलं होतं. दुखऱ्या हाताने तो पुन्हा १३९ साठी आला. तेही झालं नाही. आता शेवटची संधी अनिकची. १४१ उचलले असते तर दोघेही २४८ वर आले असते, आणि बरोबरी झाली की ती बेरीज आधी गाठणारा वर राहतो, म्हणजे संकेत. म्हणून अनिकला १४२ च हवे होते, आणि ते त्याने उचलले.

त्या तिसऱ्या प्रयत्नाचं आपण जिगर म्हणून कौतुक केलं. जिगर होतीच. तरी वेदनेने कळवळत बाजूला झालेला एकवीस वर्षांचा मुलगा पुन्हा बारपाशी येतो, हे पाहताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये उपचार करावे लागले. त्यासाठी केंद्र सरकारने ३० लाख रुपये मंजूर केले. लिफ्टरची सगळी कारकीर्द कोपर, खांदे, मनगट आणि गुडघे यांच्या जिवावर उभी असते, आणि पदकाची घाई त्यांना परवडत नाही. शिवाय ५५ किलोचा गट टोकियो ऑलिंपिकमध्ये नव्हताच. तिथे सर्वांत हलका पुरुष गट ६१ किलोंचा होता. म्हणजे ऑलिंपिक गाठायचं तर आधी अंगावर वजन चढवायचं आणि मग वरच्या गटाच्या आकड्यांशी झुंजायचं.

संकेतच्या वडिलांची सांगलीत पानटपरी. शाळकरी वयात तो दिग्विजय व्यायामशाळेत जाऊ लागला, तिथे सिंहासने प्रशिक्षकांनी त्याला घडवलं. धाकटी बहीण काजोलही वेटलिफ्टर. जून २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात तिने सुवर्ण जिंकलं. सांगलीहून फार लांब नसलेल्या कुरुंदवाडची कामगिरी तर याहून थक्क करणारी. गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी हे या एकाच गावचे तिघे, आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिघांनीही कांस्य आणलं.

हे लिहिताना मला सारखं धाराशिव आठवतं. खो-खोत देशाचं नेतृत्व करून २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे याच जिल्ह्याची, तेव्हा इथल्या मुलींच्या चपळाईची आणि ताकदीची खात्री नव्याने करून घ्यायला नको. वेटलिफ्टिंगचा फलाट चार मीटर लांब, चार मीटर रुंद. पुरुषांचा बार वीस किलोंचा, मुलींचा पंधरा. एवढी जागा आपल्या कितीतरी तालमींत निघेल. अवघड आहे ते रोज संध्याकाळी तिथे उभं राहून, 'आज दोन किलो कमीच लाव' असं पोराला बजावणारं माणूस मिळणं, आणि जिल्ह्याने पहिला पैसा त्या माणसावर खर्च करावा.