एका साच्यातल्या तिघी

प्रागच्या पूर्वेला साधारण साठ किलोमीटरवर कोलीन नावाचं गाव आहे. २००५ साली तिथल्या एकाच कारखान्यातून तीन छोट्या गाड्या बाहेर पडू लागल्या: टोयोटा आयगो, प्यूजो १०७ आणि सित्रोएन सी१. नावं तीन, गाडी एकच. लांबी ३.४ मीटर, वजन आठशे किलोच्या आसपास, टोयोटाचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. बंपर, दिवे आणि बिल्ला निराळे. आत बसलं की मात्र स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला तोच गोल स्पीडोमीटर आणि दारांच्या आतून उघडा दिसणारा तोच रंगवलेला पत्रा. डिकीचं दार तर नुसत्या काचेचं. पत्र्याची चौकटच गाळलेली.

ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळफेक आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. गाडी लहान म्हणून साचे, चाचण्या, कारखाना यांचा खर्च काही त्या प्रमाणात घटत नाही; किंमत मात्र कमीच ठेवावी लागते. मग तग धरायचा तो संख्येच्या जोरावर. कोलीनची क्षमता वर्षाला तीन लाख गाड्यांची होती. एवढ्या गाड्या एकाच नावाने खपवायच्या, तर कुणालाही घाम फुटला असता.

दोष शिरला तर तो तिघींत शिरतो, हा आक्षेप खराच आहे. जानेवारी २०१० मध्ये अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल अडकण्याच्या शक्यतेमुळे टोयोटाने युरोपातल्या गाड्या परत बोलावल्या, तेव्हा प्यूजो-सित्रोएनलाही लाखाच्या आतबाहेर गाड्या बोलवाव्या लागल्या. पण बिल्ला म्हणजे काय, तेही अशाच वेळी कळतं: गाडी बिघडली तर दार कुणाचं ठोठावायचं, याचं ते उत्तर. आपल्याकडे २०१९ मध्ये मारुतीची बलेनो टोयोटा ग्लांझा होऊन आली, तेव्हा बलेनोची वॉरंटी दोन वर्षांची होती, ग्लांझाची तीन. पत्रा तोच, शब्द मोठा. घासाघीस करायची तर ती या शब्दावर करावी; गाडी ‘खरी कुणाची’ हा वाद सोसायटीच्या पार्किंगपुरता ठीक.

उरला आक्षेप निवडीचा: तीन शोरूम फिरून हाती एकच गाडी, ही कसली निवड? पण टोयोटा आणि प्यूजो-सित्रोएन यांची कोलीनमधली भागीदारी मोडल्यावर काय झालं ते पाहावं. २०२१ च्या जानेवारीत कोलीनचा कारखाना पूर्णपणे टोयोटाचा झाला. दुसऱ्या पिढीतल्या प्यूजो १०८ आणि सित्रोएन सी१ पुढे बंद पडल्या आणि त्या आकाराची दुसरी स्वस्त पेट्रोल गाडी त्या दोघांनी काढली नाही. टोयोटाने एकटीने आयगो एक्स आणली, यारिसच्याच सांगाड्यावरची: ३.७ मीटर लांब, उंच, मोठ्या चाकांची आणि किमतीनेही वरच्या पायरीवरची.