घमेल्यांची रांग आणि छावणीची बोली

चंद्रपूरकडे मे महिन्यात माणसं दुपारी घराबाहेर पडत नाहीत. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि रस्ते ओस पडतात. नेमक्या याच दिवसांत, १५ ते २२ मे दरम्यान, मूल तालुक्यातल्या सोमनाथला महाराष्ट्रभरातून मुलंमुली येतात आणि हातात कुदळ-फावडी घेतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाबा आमट्यांनी सुरू केलेली ही श्रमसंस्कार छावणी. आपल्याकडच्या तरुणांच्या उन्हाळी शिबिरांत इतकी जुनी आणि इतकी खडतर शिबिरं फार थोडी.

ती समजून घ्यायची तर आधी यजमान कोण ते पाहायला हवं. बाबांनी १९४९ साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली, आनंदवन उभं केलं आणि १९६७ मध्ये सोमनाथच्या रानात नवा प्रकल्प सुरू केला. कुष्ठरोगातून बरी झालेली, पण गावानं परत न घेतलेली माणसं इथं आली. बोटं झडलेल्या हातांनी त्यांनी झुडपं काढली, बांध घातले, धानाची शेती पिकवली. या जागी श्रमिकांचं विद्यापीठ व्हावं, असं बाबांचं स्वप्न होतं. छावणीला येणारा कॉलेजातला मुलगा या माणसांच्या घरी पाहुणा असतो. त्यांच्यावर उपकार करायला तो आलेला नसतो, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पहिल्या सकाळी काम सुरू झालं की ते आपोआप कळतं.

कारण छावणीतली खरी ओळख कामावर होते. अशा शिबिरांत मातीकामाची पद्धत ठरलेली असते. खणणारे खाली, भराव टाकणारे वर आणि मधे माणसांची रांग. एकमेकांकडे तोंड करून, थोडं तिरकं उभं राहायचं. घमेलं छातीपर्यंत उचलायचं नाही. कमरेतून वळून पुढच्याच्या हातात द्यायचं आणि त्याच वळणात मागचं घ्यायचं. भरलेलं एका बाजूनं जातं, रिकामं दुसऱ्या बाजूनं परत येतं. नवा मुलगा पहिल्या अर्ध्या तासात दंडाच्या जोरावर घमेली उचलतो आणि थकून जातो. मग शेजारची एखादी मुलगी त्याला सांगते, ‘हात नको, कंबर वळव.’ त्या घटकेपासून ती त्याची ताई. वयानं लहान असली तरी ताईच.

छावणीची बोली सुरू होते ती अशी. ‘घमेलं अडलं’ म्हणजे रांगेत कुणीतरी दमलंय. त्याला हसायचं नसतं, त्याच्या जागी जायचं असतं. ‘फोड आले का?’ हा दुसऱ्या दिवशीचा कुशलप्रश्न. दम जाऊ नये म्हणून कुणी आकडे मोजतं, कुणी आपल्या गावचं गाणं धरतं. ऊन चढायच्या आत काम आटोपावं लागतं, म्हणून सगळं पहाटे. जाग येते तीही कुणाच्या तरी गाण्यानं. नंतर आंघोळीला रांग, जेवायला रांग, आपलं ताट आपण घासायला रांग. ज्याला घरी पाण्याचा पेला हातात मिळतो, त्याला इथं पहिल्यांदा समजतं की वीस माणसांची भांडी घासायला किती वेळ लागतो.

नावांचंही वेगळं शास्त्र आहे. आडनाव सहसा विचारलं जात नाही. नाव आणि त्यापुढं दादा किंवा ताई, एवढंच. फार तर गावाच्या नावानं हाक, ‘ए सोलापूर, इकडं ये!’ ही रीत नुसत्या आपुलकीतून आलेली नाही. सत्तरच्या दशकात जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत आलेल्या अनेक तरुणांनी आडनावं टाकली, कारण आपल्याकडे आडनाव कळलं की जात कळते आणि जात कळली की बसण्याची जागा ठरते. जे राजकीय भाषणांतून साधत नाही, ते पहिल्या नावाची हाक आठ दिवस का होईना, पण साधते. छावणीची सगळ्यांत मोठी परंपरा कोणती असं मला विचारलं, तर मी हीच सांगेन.

दुपार सावलीत बसून ऐकण्याची. या सत्राला जुन्या शिबिरांतला शब्द ‘बौद्धिक’. राष्ट्र सेवा दलाच्या आणि संघाच्याही शिबिरांत तो रुळला आणि तिथून थेट घराघरांत गेला. आज शिबिर न पाहिलेली मुलगीही आईला म्हणते, ‘आता बौद्धिक नको घेऊस.’ १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि कॉलेजाकॉलेजांची शिबिरं निघू लागली, तेव्हा हे शब्द आणखी पसरले. गटप्रमुख, श्रमदान, प्रभातफेरी, शेकोटी. शाबासकीसाठी ‘पावसाची टाळी’, म्हणजे आधी एका बोटानं, मग दोन, तीन, चार आणि शेवटी पाची बोटांनी धो-धो. अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरांचा इतिहास १८६१ पर्यंत मागे जातो. त्यांचीही अशीच आतली बोली आहे. तिथं शब्द खेळातून आणि खाण्यातून आले, आपल्याकडे बरेचसे कामातून आले. मला आपले शब्द अधिक जवळचे वाटतात.

वऱ्हाडी-झाडी बोलीची भर वेगळीच. पुण्याच्या मुलाला स्वयंपाकघरातून ‘सांबार आण’ असा निरोप येतो आणि तो वाटी घेऊन सांबार शोधत फिरतो, मग कळतं की इथं सांबार म्हणजे कोथिंबीर. टोमॅटोला ‘भेद्रं’, ‘का’ला ‘काहून’. आठवडा संपेपर्यंत कोकणातली मुलगी ‘काहून बे?’ म्हणू लागते आणि मूलचा मुलगा ‘भारी’ म्हणायला शिकतो.

संध्याकाळी गाणी, नाटुकली, वाद. यातूनच बाबांना कार्यकर्ते भेटत गेले. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ची सायकल यात्रा निघाली, तेव्हा मणक्याच्या दुखण्यानं बसताही न येणारे बाबा वाहनात आडवे पडून सोबत होते आणि सायकलींवर तरुण मुलंमुली होती. तरुणांवर इतका विश्वास टाकणारा माणूस २००८ मध्ये गेला. छावणी मात्र चालू राहिली.

शेजारच्या गडचिरोलीतही तरुणांची अशी जागा आहे. तिथं धानोरा रस्त्यावरच्या शोधग्राममध्ये २००६ पासून ‘निर्माण’ची शिबिरं होतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेली ही प्रक्रिया अठरा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे. आपण शिकतो ते कशासाठी, हा तिचा विषय. इथली मुलं स्वतःला ‘निर्माणी’ म्हणवतात. बंग दांपत्याला हाक असते ‘नायना’ आणि ‘अम्मा’. तेलुगूत बाप आणि आई. तेलंगणाला लागून असलेल्या या जिल्ह्यात त्या हाका परक्या वाटत नाहीत.

पण चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांना तरुणांनी एकत्र राहण्याची रीत बाहेरून कुणी शिकवलेली नाही. गडचिरोलीच्या माडिया आदिवासींच्या गावांत गोटुल आहे. संध्याकाळी गावची पोरंपोरी तिथं जमतात, ढोल वाजतो, रेला नाचाच्या तालावर पावलं पडतात, मोठ्यांच्या सभा तिथंच भरतात, पाहुण्याचा मुक्कामही तिथंच. शेजारच्या बस्तरमधल्या मुरिया आदिवासींच्या गोटुलवर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला. तिथं मुलाला चेलिक म्हणतात, मुलीला मोटियारी, आणि आत आल्यावर प्रत्येकाला नवं नाव मिळतं. त्या नावाबरोबर कामही येतं, कुणी झाडलोट पाहायची, कुणी सरपण. बाहेरच्यांनी गोटुलबद्दल पुष्कळ अचकट-विचकट लिहिलं. त्यातली शिस्त, लहानांनी मोठ्यांकडून गाणी, कामं, वागणं शिकणं, हे फार थोड्यांनी पाहिलं. नवं नाव, वाटून घेतलेलं काम आणि रात्रीचं गाणं हे सगळं छावणीत आहे आणि गोटुलमध्ये ते छावणीच्या कितीतरी आधीपासून आहे.

इथंच मला एक गोष्ट टोचते. छावणी भरते तेव्हा आजूबाजूच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. शहरातली मुलं श्रम शिकायला येतात, त्याच पहाटे गडचिरोलीतली तेरा-चौदा वर्षांची मुलं आईबापांबरोबर रानात गेलेली असतात. पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. या कमाईतून जूनची वह्या-पुस्तकं येतात. त्या मुलांना श्रमाचा संस्कार कुणी देण्याची गरज नाही. त्यांना हवी ती सोबत, गाणं, वाचन, नकाशा, प्रश्न विचारण्याची मुभा आणि सावलीतली एक निवांत दुपार. हंगाम दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. त्यानंतर, पावसाच्या आधी, काही दिवस मोकळे मिळतात. त्या दिवसांत गावच्या गोटुलमध्येच चार-पाच दिवसांचं शिबिर भरवायला फार पैसा लागत नाही. लागतात ती चार जाणती मुलंमुली, आणि सोमनाथहून किंवा शोधग्रामहून परतलेल्या तरुणांत ती नक्की आहेत. त्यांनी मुलांची बोली आधी शिकावी, मग आपली शिकवावी. जोहार म्हणून सुरुवात करावी.

घरात सतरा-अठरा वर्षांचं मूल असेल, तर येत्या मे महिन्यात त्याला सोमनाथला पाठवा. वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीकडे आधी चौकशी करून नाव नोंदवा. सोबत सुती कपडे, टोपी, पाण्याची मोठी बाटली द्या, आणि फोड येतील हे निघण्याआधीच सांगून ठेवा.