वारा कोणी मोजला?

न्यूयॉर्कमध्ये सिटीकॉर्प बँकेचे ५९ मजली मुख्यालय १९७७ साली पुरे झाले. जागेच्या कोपऱ्यात जुने चर्च होते. चर्चची अट होती की, त्याच कोपऱ्यात नवे चर्च बांधून द्या आणि टॉवरचा खांब त्यातून नेऊ नका. म्हणून अभियंता विल्यम लमेझ्युरिए यांनी नऊ मजले उंचीचे चार खांब कोपऱ्यांऐवजी चार बाजूंच्या मध्यावर घेतले. बँकेला चर्चपुढे नमते घ्यावे लागले, हेही नोंदवायला हवे!

खरी गोष्ट पुढची आहे. पोलादी तिरप्या तुळयांचे सांधे वेल्डिंगने जोडायचे ठरले होते. खर्च वाचावा म्हणून ते बोल्टने जोडले गेले. १९७८ मध्ये लमेझ्युरिए यांनी कोपऱ्यावर तिरका आदळणारा वारा हिशोबात धरला, तेव्हा हे सांधे मोठ्या वादळात टिकणार नाहीत असे त्यांना आढळले. त्यांनी स्वतः चूक कबूल केली. हे धैर्य मान्यच केले पाहिजे.

पण कबुली कोणापुढे? बँकेपुढे, शहराच्या अधिकाऱ्यांपुढे. रोज रात्री वेल्डर दोनशेहून अधिक सांध्यांवर पोलादी पट्ट्या चढवत. सकाळी कारकून नेहमीसारखे कामाला येत. शहरातली वृत्तपत्रे संपामुळे बंद होती. सप्टेंबरात ‘एला’ वादळ किनाऱ्याकडे निघाले आणि समुद्रातच वळले. परिसर रिकामा करण्याची योजना रेडक्रॉससह तयार होती. ती ज्यांच्यासाठी होती त्या रहिवाशांना मात्र १९९५ साली एका साप्ताहिकाने सारे छापल्यावर कळले.